सात रंगांचे पट्टे आणि माझा न मारलेला झेब्रा

“काका, बसस्टॉपजवळ पट्टे दिसत नाहीत. पुढे शाळेच्या फाटकाशी मात्र सात रंग दिसतायत. तुमचा झेब्रा नेमका कुठला?”

ऋताचा हा मेसेज आला तेव्हा मी चहा पीत होतो. ऋता नागपूरची. आम्ही दोघं एका ऑनलाइन नकाशावर काम करतो. हा नकाशा कुठल्या कंपनीचा नाही. आपापला गाव आपणच भरायचा आणि रस्त्यांचे फोटो बघून एकमेकांचं काम तपासायचं. मी बोईसर-तारापूर रस्ता भरत होतो. पाम गावाजवळच्या बसस्टॉपवर मी एक टिंब टाकलं होतं आणि त्याला ‘झेब्रा’ असा टॅग लावला होता. टॅग म्हणजे त्या टिंबाला बांधलेली चिठ्ठी. इथे काय आहे, ते ती सांगते.

मी लिहिलं, “पुसला गेला असेल.”

“मग काढून टाकू. शेवटचा कधी पाहिला होता?”

तो मी कधीच पाहिला नव्हता.

मी सरकारी रस्त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो, म्हणजे रस्त्यांची ड्रॉइंग काढणारा. काम संपलं की साईटवर जाऊन, टेप लावून, प्रत्यक्षात जे झालं त्याचं ड्रॉइंग करायचं असतं. त्याला ॲज-बिल्ट म्हणतात. बारा वर्षांपूर्वी या रस्त्याचं काम संपलं तेव्हा मार्चअखेरची घाई होती. मी टेबलावर बसून मंजूर प्लॅनच गिरवला आणि सही केली. प्लॅनमध्ये बसस्टॉपला झेब्रा होता. रस्त्यावर तो कोणी मारलाच नव्हता. ऑनलाइन नकाशातलं टिंबही मी त्याच ड्रॉइंगवरून टाकलं होतं.

दोन वर्षांनी शाळेच्या फाटकासमोर जानकीबाईंना टेम्पोने उडवलं. त्या पाम नाक्यावर मासळी विकतात. पोलिसांनी ऑफिसला विचारलं, तिथे क्रॉसिंग आहे का? ऑफिसने माझं ड्रॉइंग पाठवलं. नक्कल मीच काढून दिली, आणि गप्प राहिलो. कागदावर आलं : ‘जवळच झेब्रा क्रॉसिंग असताना अन्यत्र रस्ता ओलांडला.’ बाईंचा पाय कायमचा अधू झाला आणि वर चूकही त्यांचीच ठरली. पुढे शाळेने क्रॉसिंग मागितलं की दर वेळी तेच उत्तर जायचं, जवळच आहे. शेवटी शिक्षकांनी भिंतीचे उरलेले रंग घेऊन फाटकासमोर स्वतःच पट्टे मारले.

मी ऋताला सगळं लिहिलं. तिने बसस्टॉपचं टिंब उडवलं.

मग प्रश्न आला सात रंगांचा. मी म्हटलं, तिथे झेब्रा लिहू, पोरांचं भलं होईल. ती म्हणाली, इथे लोक रस्ता ओलांडतात ही एक चिठ्ठी. जमिनीवर पट्टे आहेत, ही दुसरी. त्यांचे रंग सात, ही तिसरी. सिग्नल नाही, ही चौथी. झेब्रा लिहिलं तर ज्याला अंधुक दिसतं असा एखादा माणूस मोबाइलचं ऐकून निघेल आणि पांढरे पट्टे शोधत राहील.

“काका, आहे ते नकाशात लिहा. असायला हवं ते अर्ज करून मागा.”

अर्जाआधी मी जानकीबाईंकडे गेलो. त्या बोंबील निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही.

“घरात बसून रस्ता काढला व्हय तुमी? मी पण उद्यापासून घरात बसूनच मासे पकडते.”

बाजूची बाई हसली. जानकीबाई हसल्या नाहीत.

“माझा पोरगा अजून बोलतो, आये, तू बघून चालली नाय. मी सांगून थकले, थितं पट्टेच नव्हते. आता तुमी लिवून द्या. तोंडी नको.”

मी लिहून दिलं, खाली सही आणि जुन्या ड्रॉइंगचा नंबर. मग तेच अर्जात लिहून ऑफिसात गेलो. तिथल्या उपअभियंता बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. अर्ज वाचून त्यांनी दार लोटून घेतलं.

“काका, चौकशी लागेल. कशाला या वयात?”

“लागू दे. पण आधी साईटवर चला.”

त्या आल्या. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. चौकशी लागली, ती अजून चालू आहे. दरम्यान शाळेच्या फाटकासमोर नियमाप्रमाणे पांढरा झेब्रा मारला गेला, अलीकडे-पलीकडे बोर्ड लागले. शिक्षकांनी रंगांचे डबे पुन्हा भिंतीकडे नेले. मी तिथे उभा राहूनच नकाशातले सात रंग काढले आणि ‘झेब्रा’ लिहिलं. ऋताने फोटो मागितला. तो मी आधीच काढून ठेवला होता.

ऑफिसने पोलिसांना दुरुस्तीचं पत्र पाठवलं आणि एक प्रत जानकीबाईंना दिली. त्यांनी मला घरी बोलावून मुलासमोर ते वाचायला लावलं. ‘अपघाताच्या दिवशी सदर ठिकाणी अथवा जवळपास कोणतेही क्रॉसिंग अस्तित्वात नव्हते.’

“आणखी एकदा,” त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. मग त्याने माझ्या हातातून कागद घेतला आणि तिसऱ्यांदा स्वतः वाचला, आईकडे बघत.

नवीन नकाशेवाल्यांना मी एवढंच सांगतो : आधी तिथे जाऊन या. मला जायला बारा वर्षं लागली. घरापासून रिक्षाने वीस मिनिटं आहे.