निरोपाचं दही

“गंगूवर आळ घातला म्हणून निभावलं. रोग्यांचं दूध तर आपला टॉमीच प्यायला होता,” टांग्यात बसताना मिस डोरा सोबतिणीला इंग्रजीत म्हणाली.

विरजणाचा आंबूस वास आला की आजही मला ती सकाळ आठवते आणि बरं वाटतं. अंबाजोगाईच्या प्लेगछावणीतली विलायती बायकांची सेवा संपली होती. आम्ही गावच्या स्वयंसेविका निरोपाला उभ्या होतो. मी इंग्रजी शाळेतली, पण लाजरी. त्यांना वाटे, मला कळत नाही. आमच्यातली गंगू मात्र चोर ठरून गेली, ती पुन्हा दिसलीच नाही.

“लई आठवण येईल बाई, परत या,” म्हणत सखूमावशीनं डोराच्या तळहातावर दही ठेवलं. मग माझी पाळी आली. मी दह्याची वाटी तिच्या कुत्र्यापुढे धरली आणि इंग्रजीत म्हणाले, “हे टॉमीला. तुम्ही जा, परत येऊ नका.”