ऑगस्टमधली चुकीची उत्तरं

कल्पना करा, तुम्ही मैदानावर एका रांगेत उभे आहात. शेजारचा गडी चेंडूला लाथ घालतो, चेंडू उंच उडून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. तिथला सगळ्यात चपळ मुलगा तो झेलतो आणि थेट तुमच्या दिशेने सुटतो. तुम्हीही जीव खाऊन त्याच्याकडे पळायचं. वाटेत तुमच्याहून जड माणसं तुम्हाला आडवं करायला टपलेली असतात. त्यांना चुकवायचं, नाहीतर तुडवायचं, आणि त्या मुलावर असं आदळायचं की तो जागच्या जागी चीत झाला पाहिजे. आणि काहीही झालं तरी वेग कमी करायचा नाही. वेग कमी करणाराच मोडतो.

हार्लन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात कॅझ सडोव्स्कीकडे एवढंच काम होतं. बाकीच्या जागांसाठी त्याच्याहून वेगवान, त्याच्याहून धिप्पाड पोरं होती. पण अंगावर येणारा माणूस पाहून सगळ्यांचे डोळे एक क्षण मिटतात, कॅझचे मिटायचे नाहीत. पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या पट्ट्यातला हा पोरगा. बाप लिओ खाणीत, शनिवारीही पाळी. सामने शनिवारीच असत, म्हणून बापाने कॉलेजातला पोराचा एकही सामना पाहिला नव्हता. यंदाचं वर्ष शेवटचं. क्रेन व्हॅलीविरुद्धच्या अखेरच्या सामन्याला येतो, असा शब्द लिओने दिला होता. त्या दिवशी मैदानात असायचं, एवढाच कॅझचा नेम होता.

ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला तो 'गल्ली'ने. जाड गाद्यांच्या दोन रांगांमध्ये दोघांना समोरासमोर सोडायचं, मागे सरकेल तो हरला. कॅझसमोर त्याचा खोलीतला जोडीदार ब्रँट ह्यूबर आला. हेल्मेटवर हेल्मेट आदळलं.

"हे काय, मिठ्या मारताय?" ड्रायर कोच ओरडले. "पुन्हा!"

पुन्हा आदळले. या वेळी ब्रँट गुडघ्यावर आला आणि रक्ताबरोबर दाताचा तुकडा थुंकला.

"साल्या, आता मी सफरचंद कसं खाऊ?"

"आईला सांगतो, तुझ्यासाठी बटाट्याच्या पिरोगी मऊ उकड."

त्याच संध्याकाळी पाइक मॅडमची परीक्षा होती. मॅडम संघाची हाडं, गुडघे आणि डोकी सांभाळायच्या. हंगामाआधी, डोकं धड असताना, त्या प्रत्येकाला पाच शब्द ऐकवत आणि थोड्या वेळाने परत विचारत. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की पुन्हा तीच परीक्षा. ऑगस्टपेक्षा कमी आठवलं तर खेळणं बंद. म्हणून जुनी पोरं नव्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवत: ऑगस्टमध्ये मुद्दाम चुकायचं. कॅझने चारही वर्षं तेच केलं. पाचही शब्द पाठ असताना त्याने दोनच सांगितले.

"इंजिनिअरिंगला आहेस ना तू?" मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं.

"आकडे विचारा मॅडम. शब्दांत आमचं सगळं घराणंच कच्चं."

मग हंगाम पेटला. जबरदस्त टक्कर मारली की हेल्मेटवर छोट्या हातोड्याचं चित्र चिकटवायची हार्लनची रीत होती. कॅझचं हेल्मेट भरत चाललं. सप्टेंबरात त्याने एकाच्या गळ्याचं हाड मोडलं, मोडल्याचा आवाज हेल्मेटच्या आतून ऐकला, आणि प्रेक्षकांच्या आरोळीत विसरूनही गेला. ऑक्टोबरात चिखलातल्या सामन्यात कुणीतरी मुद्दाम त्याच्या बोटांवर बूट दिला. पुढच्याच किकला कॅझने त्याला शोधून काढलं आणि फासळ्यांत खांदा असा घुसवला की तो गडी ओकला. घरी फोनवर तो नुसतं म्हणायचा, "जिंकलो, बाबा."

शेवटून दुसऱ्या सामन्यात एक गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. कॅझ उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. ब्रँटने त्याला बखोटीला धरून वळवलं.

"कुठे निघालास? तिकडे सँडविच चांगलं मिळतं का?"

कॅझ हसला. आपण का हसतोय, ते त्याला कळत नव्हतं.

पाइक मॅडमनी त्याला खाली बसवलं. पाच शब्द ऐकवले, थांबल्या, परत विचारले. कॅझने डोक्यात खूप शोधलं. दोन सापडले. बाकीच्या जागी नुसता धूर.

"ऑगस्टमध्येही दोनच," मॅडम हळूच म्हणाल्या. "सडोव्स्की, खरं सांग, एवढंच आठवतंय?"

"शप्पथ, मॅडम. एवढंच."

आणि ते खरं होतं. चार वर्षांत या परीक्षेत तो पहिल्यांदा खरं बोलला, आणि त्या खऱ्यावरच सुटला. मॅडमकडे त्याला थांबवायला दुसरं काही नव्हतं.

शेवटच्या सामन्यापैकी त्याला इतकंच आठवतं: प्रेक्षकांच्या उंच पायऱ्यांवर नारिंगी शिकारी टोपी हलवणारा बाप, आणि लाथ बसण्याआधीची शांतता. त्यानंतर एकदम न्हाणीघर. नाकातून ओघळणारं रक्त, पायाशी लाल पाणी, आणि पाठीवर थापा मारणारी पोरं. "काय हाणलास रे! गाडलंस त्याला!" हार्लन जिंकलं होतं.

रविवारी सगळे मिळून सामन्याचं चित्रण पाहत. पडद्यावर सत्तेचाळीस नंबरचा कॅझ दोघांना फोडून पुढे घुसला. क्रेन व्हॅलीचा टोबायस रीड चेंडू घेऊन वळत होता, त्याचं लक्षही नव्हतं. कॅझचं हेल्मेट त्याच्या हनुवटीखाली लागलं. रीडचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो पडला तो हात हवेत ताठ ठेवूनच. खोलीत आरोळी उठली. कोचनी हातोड्याचं चित्र पुढे केलं.

पण कॅझ पुढचं पाहत होता. पडद्यावरचा सत्तेचाळीस उठला, रीडवर वाकला, त्याच्या हेल्मेटची जाळी मुठीत धरली आणि काहीतरी बोलला. मग रीडला स्ट्रेचरवर घातलं.

"मी काय बोललो रे?"

"मी कुठे जवळ होतो?" ब्रँट म्हणाला. "शिवी घातली असशील. मी घातलीच असती."

बापालाही वरून काही ऐकू आलं नव्हतं. कॅझने पाइक मॅडमना गाठून ऑगस्टची गोष्ट कबूल केली. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुझं सोड. त्या पोराला जाऊन बघ."

तो इस्पितळात गेला. रीडच्या मानेला पट्टा होता, उजवा हात अजून थरथरत होता. कॅझने आपण कोण ते सांगितलं. रीडने त्याला बराच वेळ निरखलं.

"बसमध्ये चढलो, ते आठवतं," तो म्हणाला. "तू मात्र आठवत नाहीस."

कॅझ खुर्चीवर बसून राहिला. आता विचारायला दुनियेत तिसरं कुणी नव्हतं. जाळी धरून आपण याला 'ऊठ' म्हणालो होतो, की 'पडून राहा'?