कंपनीचं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावालाही नाही. सांगण्यासारखं काही आहे हे मी स्वतःलासुद्धा कळू दिलं नाही – आणि त्या कामात मी चांगलाच तरबेज आहे. आज तुम्ही निवांत बसला आहात, तर सांगून टाकतो. मध्येच अडखळलो तर रागावू नका. मला माझाच इतका वैताग आलेला आहे, त्यात तुमची भर नको.

गोष्ट एका खेळण्यातल्या आगगाडीची आहे. हसलात ना? हसा. मलाही पुष्कळ दिवस ते हसण्यावारीच न्यायचं होतं.

आमच्या श्रीवर्धनात रूळ नाहीत. मुंबईला जायचं तर आगबोट, आणि किनारा गाठायचा तर होडी, आणि होडीतून उतरायचं तर गुडघाभर पाणी. अशा गावात राहून एखाद्याला आगगाडीचं वेड लागावं, याला काय म्हणायचं? पण लागलं. सुपारी घेऊन मी मुंबईला जायचो आणि व्यापाऱ्याकडचं काम आटोपलं की स्टेशनात जाऊन नुसता इंजिनं बघत उभा राहायचो. पुढे बाजारात जपानी गाड्या दिसायला लागल्या. पत्र्याच्या, रंगीत, चावी दिली की रुळावर गोल फिरणाऱ्या. पहिली आणली, मग दुसरी, मग बोगद्यासकट तिसरी. घरात मूल नव्हतं, त्यामुळे कुणासाठी आणली असं विचारायची सोय नव्हती. लोक पाठीमागे काय बोलत असतील ते बोलत असतील.

आणि काय तो माल! खारी हवा लागली की चावीची कमान गंजून बसायची. चाकं निसटायची. रूळ एकमेकांत बसतील तर शपथ. मी ओटीवर पालथा पडून तासन्‌तास त्या पत्र्याशी झगडायचो आणि जपान्यांच्या नावानं खडे फोडायचो. ते काही जपानात ऐकू जात नसे. ऐकत असे ती माझी बायको.

एक दिवस बंद पडलेलं इंजिन तिनं उचललं, उलटं केलं, आणि माजघरात घेऊन गेली. मी म्हटलं, आता हिलाही मोडू दे. पण तिला ते दुरुस्त करायचंच नव्हतं. तिला त्याच्या आत काय आहे ते बघायचं होतं. तिनं आयुष्यात आगगाडी पाहिलेली नव्हती, हे लक्षात ठेवा. माहेर दिवेआगर, सासर श्रीवर्धन – कुठे पाहणार? मी मुंबईला एकदा नेईन म्हणालो होतो. नेलं नाही. तो वेगळा गुन्हा, तो आज काढत नाही.

गाडीच्या खोक्याच्या झाकणावर एक चित्र होतं. काळंभोर इंजिन, मागे बर्फाचा डोंगर, कडेला एकाखाली एक जपानी अक्षरं. त्या चित्रावरून आणि त्या मोडक्या पत्र्यावरून तिनं गाडी करायला घेतली. पत्र्याची गाडी दोन बोटं रुंद रुळांवर चालायची, हिची वीतभर रुंद रुळांवर. म्हणजे इंजिन चांगलं दीड हात लांब. पोट जाड बांबूचं, डबे आणि रूळ पोफळीच्या फळ्यांचे, चाकं शिवणीच्या लाकडाच्या चकत्यांची, आणि पुढे धक्का बसतो तिथल्या दोन टिकल्या – त्या चक्क सुपारीच्या, अडकित्त्यानं कातरलेल्या. माझ्या चांगल्या अडकित्त्याची धार तिनं त्यात घालवली. मी त्यावरून भांडलोसुद्धा. ती म्हणाली, धार लावून आणा. आणि मी मुकाट्यानं लावून आणली.

ते इंजिन चावीवर चालत नव्हतं, सुतळीनं ओढावं लागे. पण ओढलं की चाकांच्या बाजूचे दांडे असे काही मागे-पुढे होत – खऱ्या इंजिनाचे होतात ना, अगदी तसे. मी ते पाहून उगाच घसा खाकरला होता, एवढं आठवतं. शाबास म्हटलं का? नाही. कुठला दांडा जरा वाकडा आहे तेवढं दाखवलं.

काजळ जवसाच्या तेलात खलून तिनं इंजिन रंगवलं. डाव्या अंगाला झाकणावरची जपानी अक्षरं जशीच्या तशी उतरवली. उजव्या अंगाला आणखी तीन अक्षरं काढली, तशीच एकाखाली एक, तशीच फराटे मारून. मला म्हणाली, वाचा. मला येईना. मग हसली. वरची रेघ मनानं द्या म्हणाली. मी दिली. य. मु. ना.

तिचं नाव यमुना. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीनं मीच लिहिलं होतं. त्यानंतर आमच्या घरात ते उच्चारायची सोय नव्हती. मी तिला "अगं" म्हणायचं, तिनं मला "अहो". चारचौघांत बायकोचं नाव तोंडातून काढणारा पुरुष आमच्याकडे चावट ठरतो. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणाली, "तुम्ही माझं नाव घ्यायचं नाही, मी तुमचं घ्यायचं नाही. मग कुठेतरी लिहिलेलं असू दे की."

आता पुढचं सांगायचं म्हणजे – थांबा जरा.

मुंबईचे एक शेटजी सुपारीचा सौदा करायला आले होते. ओटीवर ती गाडी पाहिली आणि खालीच बसले. जपानी का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. का म्हटलं? बायको घरात सुतारकाम करते हे सांगायची लाज वाटली, दुसरं काय! आणि शेटजींच्या डोळ्यांत जे कौतुक होतं ते जपानी मालाबद्दलचं होतं. पोफळीच्या फळीबद्दल ते राहिलं असतं की नाही याची मला खात्री नव्हती. दाराआडून तिनं ऐकलं. संध्याकाळी खूप हसली. म्हणाली, म्हणजे मी जपानात जाऊन आले म्हणायची. तिला तेव्हा मजा वाटली होती, हे मी तुम्हाला माझ्या बाजूनं सांगत नाही. फक्त तसं होतं म्हणून सांगतो.

मग काय, गाव लोटलं. जपानी गाडी बघायला कचेरीतला पेशकार आला, डॉक्टर आला, आळीतली यच्चयावत पोरं आली. मी सुतळी ओढायचो आणि जपानी लोक किती बारकाईनं काम करतात यावर व्याख्यान द्यायचो. ती आतून पाणी आणून द्यायची. सुरुवातीला ओठ दाबून हसत यायची. पुढे पुढे नुसतं पाणी घेऊन यायची. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं का? दिसलं होतं.

मिठाच्या चळवळीच्या दिवसांत आमच्याकडेही परदेशी मालाची होळी ठरली. शाळेतले मास्तर पुढारी. माणूस सरळ, पण स्वदेशीचा विषय निघाला की समोरच्याचं ऐकून घ्यायचा नाही. घरोघर बैलगाडी फिरणार, ज्यानं त्यानं आपल्याकडचा परदेशी माल आणून टाकायचा, आणि संध्याकाळी समुद्रावर होळी. कानावर आल्या आल्या मी काय केलं असेल? माझ्या पत्र्याच्या गाड्या धोतरात गुंडाळल्या आणि भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवल्या. देशप्रेम मलाही होतं हो. पण ते माझ्या गाड्यांपर्यंत येऊन थांबत होतं.

बैलगाडी दाराशी आली तेव्हा मी एक टोपी आणि जुना कोट तयारच ठेवला होता. मास्तरांनी ते घेतलं, आणि सगळ्या आळीसमोर विचारलं, "आणि ती मोठी जपानी आगगाडी?"

बायको दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. घाबरून नव्हे – अगदी निर्धास्तपणे पाहिलं. आता हे सांगतील, लोक हसतील, एवढंच होईल असं तिला वाटत असणार. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण सांगायचं म्हणजे काय? इतकी वर्षं गावाला बनवत होतो हे सांगायचं. मग मास्तर विचारणार, मुंबईहून आणलेल्या खऱ्या जपानी गाड्या कुठेत? मग कणगी उपसणार. एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यात पापणी लवायच्या आत झाला. एरवी सुपारीचा साधा भाव ठरवायला मला दोन दिवस लागतात!

मी म्हटलं, "आण बाहेर."

तिनं आणली. स्वतः उचलून आणली, डबे आत राहिले होते तर परत जाऊन तेही आणले. गाडीवानानं इंजिन हातात घेतलं आणि वरखाली करून पाहिलं. म्हणाला, "दादा, ही पत्र्याची न्हाय. लाकडाची हाय वाटतं." बघा, किती सोपं करून दिलं होतं त्यानं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हटलं, जपानात लाकडाच्याही करतात.

मास्तरांनी इंजिनाच्या उजव्या अंगावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी म्हटलं, "कंपनीचं नाव."

झालं. हेच ते. एवढंच सांगायचं होतं आणि त्यासाठी तुम्हाला आगबोटीपासून फिरवून आणलं.

पुढचं तसं काहीच नाही. समुद्रावर होळी पेटली. कापड धुमसत राहिलं आणि गाडी तेवढी लख्ख जळली. मला अजून संताप येतो तो या गावाचा – पोफळीत जन्मलेली, पोफळीच्या सावलीत वाढलेली माणसं, त्यांच्या नाकासमोर पोफळ जळत होती, तो वास साऱ्या वाळूवर पसरला होता, आणि एकालाही कळू नये? एकानं तरी म्हणायचं होतं, अरे हे तर आपलं लाकूड! मी वाट पाहत उभा होतो. कुणीतरी दुसऱ्यानं मला खोटं पाडावं म्हणून वाट पाहत होतो – असाही माणूस असतो. उलट मास्तरांनी भाषणात माझ्या त्यागाचा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. हो, जोडले.

घरी आलो तर पान वाढलेलं होतं. मी म्हटलं, तू दुसरी कर, याहून मोठी कर, हवं ते लाकूड आणून देतो. ती म्हणाली, बघू. अडकित्ता तिनं जागच्या जागी ठेवून दिला होता, आणि त्यानंतर तो सुपारीशिवाय कशाला लागला नाही. भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. भांडायचं म्हणजे समोरचा उत्तर देण्याच्या लायकीचा लागतो, हे मला फार उशिरा कळलं.

पत्र्याच्या गाड्या मी वर्षाभरानं कणगीतून काढल्या. सगळ्या धड होत्या. अजून आहेत, फडताळात. दिवाळीला तीच त्या पुसते. मी पुसतो म्हटलं तर म्हणते, तुमच्या हातून रंग जाईल.

गेल्या महिन्यात मास्तर आले होते. थकलेत आता, जुनं जुनं काढून बोलत बसतात. त्या होळीचा विषय निघाला. म्हणाले, खरं सांगू का, तुमची ती जपानी गाडी जाळताना माझा हात अडला होता, फार देखणी होती हो. मी मान खाली घालून पानाला चुना लावत होतो. ती चहा घेऊन आली होती. मास्तरांपुढे कप ठेवला आणि म्हणाली, "जपानीच माल तो. टिकायचा थोडाच."

मास्तर हसले. मीही हसलो. त्या दिवशीसुद्धा हसलो – आणि तेव्हा तर समोर बैलगाडी नव्हती, गाव नव्हतं, कणगीत काही पुरलेलं नव्हतं. एक म्हातारा माणूस होता आणि चहा होता.

ती गाडी जपानी नव्हती. तिच्या उजव्या अंगावर कंपनीचं नाव नव्हतं. ज्या नावाच्या बाईनं ती केली, ती आत्ता मागल्या अंगणात सुपारी वाळत घालते आहे, आणि मी इथे ओटीवर बसून तुम्हाला सांगतो आहे, तिला नाही. नाव यमुना.