मागे तलाव लावा

मी काढलेल्या एका फोटोला आमच्या भागात चांगलीच मागणी आहे. सडक अर्जुनीपासून दवनीवाड्यापर्यंत कुठल्याही चौकात थांबा, तो लागलेला दिसेल. फक्त त्याच्यापुढे नेहमी कोणीतरी मेलेला माणूस असतो. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली शोकाकुल परिवाराची भलीमोठी यादी, मधे टोपीतला किंवा पदरातला चेहरा, आणि मागे माझा तलाव. बुडता सूर्य, तांबडं पाणी, पाण्यात उलटं पडलेलं मोहाचं झाड. फोटो कोणी काढला, हे आजवर एकाही माणसाने विचारलेलं नाही. कलावंत म्हणून माझी प्रसिद्धी ती एवढीच, आणि तिचा मला संताप येतो.

रेल्वेलाइनीवरच्या एका लहान गावात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, शाळेतल्या पोरांचे फोटो, लग्नं, बारशी, यावर घर चालतं. यातलं काहीही मी आवडीने केलेलं नाही. आवडीने केला तो गावाबाहेरचा मालगुजारी तलाव. दिवस कलायला लागला की माझं दुकानात लक्ष लागत नसे. गिऱ्हाईक बसलेलं असलं तरी त्याला 'उद्या ये' म्हणायचं, शटर ओढायचं आणि तलावाच्या बांधाची पाळ गाठायची. बायको म्हणायची, "बाकीचे लोक दारूच्या दुकानात जातेत, तुमी तलावावर जाता. घराले दोन्ही सारखेच."

तलावाचं प्रतिबिंब मिळवणं हे धीराचं काम. म्हशी पाण्यातून निघाल्या की लाटा शमेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात कोणीतरी हातपाय धुवायला उतरतं, पुन्हा थांबा. मासे धरणाऱ्या ढिवराचा डोंगा आडवा जातो, पुन्हा थांबा. कॅमेरा पार पाण्याला टेकवून, चिखलात गुडघे रोवून बसायचं आणि वारा पडायची वाट पाहायची. मग थोडा वेळ असा येतो की वरचं कोणतं आणि खालचं कोणतं, हे झाडालाही सांगता येणार नाही. तेवढ्यासाठी मी कितीतरी संध्याकाळी तिथे घालवल्या. पाळीवर बकऱ्या चारणारा एक म्हातारा मला नेहमी टोकायचा, "काय गा, दिवस उगवते त्याचे फोटो काढ ना. बुडत्याचे कायले काढून राहिला?" मी त्याला हसून टाळायचो.

हे फोटो मी मोठे करून दुकानात लावले. एकही विकला गेला नाही. लोक त्यांच्याखालच्या खुर्चीवर बसून केस विंचरायचे आणि पासपोर्टचा फोटो काढून जायचे.

मग एका राइस मिलवाल्याचं निधन झालं. त्याची मुलं तेरवीचं बॅनर करायला आली. बापाचा धड एक फोटो घरात नव्हता. एका लग्नातला सापडला, त्यात तो आइस्क्रीमच्या गाड्यापुढे उभा होता. दुकानातलं कॉम्प्युटरचं काम माझी मुलगी पाहते. तिने बारावीनंतर ते शिकून घेतलं आणि माझ्यापेक्षा तिचा हात चांगला बसला. तिने म्हाताऱ्याला आइस्क्रीमपासून सोडवलं आणि मागे काय टाकावं म्हणून माझा तलाव टाकला. बॅनर चौकात लागलं. लोकांना ते इतकं आवडलं की त्यानंतर जो तो तेच मागू लागला. "मागे तलाव लावा." गोंदियाकडचा एक पोरगा तर म्हणाला, "अंकल, वो तालाबवाला ही देना, पापा को सूट करेगा." पुढेपुढे दुसऱ्या दुकानवाल्यांनी मोबाइलवरून तो उचलला, आणि मग तो माझा राहिलाच नाही. आमच्या भागात माणूस मेला की तो आधी स्मशानात जातो आणि मग माझ्या तलावावर.

पाळीवर भेटणारे लोकही चेष्टा करायला लागले. मी कॅमेरा काढला की विचारायचे, "आज कोणाची तयारी होय?" मीही हसायचो, कारण तोवर त्यात माझं काही जात नव्हतं.

मग मुलीचं लग्न ठरलं. हायवेवरच्या एका गावातलं घर होतं, धानाची शेती आणि खताचं दुकान. पोरगा नाकीडोळी बरा, बोलायला मऊ. साक्षगंध थाटात झालं. आता सगळ्यांना लग्नाआधीचे फोटो पाहिजे असतात. पोराच्या घरच्यांचं म्हणणं होतं की नागपूरचा फोटोग्राफर बोलवावा, एखाद्या मोठ्या धरणावर जावं, पोरीला लांब झग्यात पळवावं. माझी मुलगी म्हणाली, "फोटो आपल्याच तलावावर निघतील आणि माझे बाबाच काढतील." तिने हे सगळ्यांसमोर म्हटलं. मी त्या वेळी खाली पाहून चहा पीत होतो. मला काय वाटलं ते मी तिला कधी सांगितलं नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की एवढ्या वर्षांत कोणीतरी मला फोटोग्राफर म्हटलं.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. तलाव भरलेला, वारा नाही, धान कापणीचा वास सगळीकडे. पोरगा बूट भिजतील म्हणून आधी उतरायलाच तयार नव्हता. मुलीने साडी घोट्याच्या वर घेतली, चपला पाळीवर ठेवल्या आणि ती सरळ पाण्यात जाऊन उभी राहिली. मग लाजेकाजेस्तव तोही उतरला. मी ओरडून सांगितलं, हलू नका. पाणी थांबायला वेळ लागला. ते थांबलं तेव्हा दोघं वर उभी होती आणि दोघं खाली उभी होती, आणि मुलगी त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहून हसत होती. मी आयुष्यात काढलेला तो सगळ्यात चांगला फोटो. हे मी आजही छातीठोकपणे सांगेन.

पोराच्या घरच्यांनी तोच फोटो निवडला आणि लग्नाचं बॅनर करून त्यांच्या गावाच्या बस स्टँडसमोर लावलं. वर गणपती, खाली 'शुभविवाह', दोघांची नावं वेलबुट्टीच्या अक्षरांत. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पोराची एक म्हातारी आत्या आमगावकडे राहते. ती त्या दिवशी बसने कुठेतरी जायला निघाली होती. तिला वाचता येत नाही. खिडकीतून तिला भाच्याचं मोठं तोंड दिसलं, शेजारी होणाऱ्या सुनेचं, आणि मागे तो तलाव. आमच्याकडे तलावापुढे चेहरा दिसला की त्याचा अर्थ एकच. खालची अक्षरं कोण पाहतो? तिने बस थांबवली आणि तिथूनच छाती बडवत भावाच्या घराकडे निघाली. बसमधल्या दोन बाया तिला आधार द्यायला म्हणून सोबत उतरल्या आणि वाटेत त्याही रडायला लागल्या. घरी लग्नाचे पापड वाळत होते. "जोड्यानं नेलं रे देवा, हळदबी लागू नाही देल्ली!" असा टाहो फोडत आत्या अंगणात शिरली. नवरदेव खाटेवर बसून जेवत होता. त्याला पाहून ती तिथेच चक्कर येऊन पडली.

पहिल्या दिवशी सगळे पोट धरून हसले. आमच्याकडे फोन आला तेव्हा सांगणाराही हसत होता, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी हसणं थांबलं. त्यांच्या शेजारची कोणी म्हणाली, दारात रडणं झालं ते काही चांगलं नाही. मग कोणी म्हणालं, पोरीचा बाप मेलेल्यांचे फोटो करतो, तिथूनच हे आलं. मग कोणाला आठवलं की साक्षगंधाच्या दिवशी दिवा विझला होता. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली की लोक झाड तपासत नाहीत, कावळाच पाहतात.

पोराचा काका आणि लग्न जुळवणारा मध्यस्थ आमच्या घरी आले. मी त्यांना समजावलं. म्हटलं, आपल्यातच रीत आहे, माणसाच्या डोक्याला कावळा शिवला तर आपण नातेवाइकांना मुद्दाम तो मेल्याचं खोटं कळवतो, ते रडले की आलेलं संकट टळतं. म्हणजे आत्याबाईच्या रडण्याने दोघांचं आयुष्य वाढलंच की. काकाने शांतपणे सुपारी कातरली आणि म्हणाला, "ते कावळ्याचं अलग होय, इवाई. इथं कावळा कोठी होता?"

त्यांनी सांगितलं, बॅनर उतरवलं आहे, तुम्ही मागचं बदलून द्या, बर्फाचे डोंगर वगैरे टाका, म्हातारीचं समाधान होईल. मी लगेच हो म्हटलं. पोरीच्या लग्नापुढे तलाव काय मोठा लागून गेला! मुलीने दुकानात बसून दोघांना पाण्यातून काढलं. खालची दोघं पुसली. पाय पाण्यात होते, ते दिसेनात म्हणून घोट्यापर्यंत बर्फ चढवला. जी मुलगी कधी नागपूरच्या पुढे गेली नाही, ती अनवाणी हिमालयात उभी राहिली, आणि तशीही माझ्याकडेच पाहून हसत होती. मी स्क्रीनकडे पाहू शकलो नाही, लाइटबिल भरायचं निमित्त करून बाहेर गेलो.

फोटो पाठवला. उत्तर मध्यस्थाकडून आलं. फोटो छान झाला, पण म्हातारीच्या मनातून जात नाही, तेव्हा हे इथेच थांबवू, पोरीला चांगलं स्थळ मिळेल. पोराने मुलीला मोबाइलवर एवढंच लिहिलं, 'घरचे म्हणतील तसं.' मला आत्याबाईचा राग येत नाही. ती निदान खरं रडली. मला त्या पोराचा राग येतो, ज्याला मी हलू नको म्हटलं आणि तो तेव्हाही बुटांकडेच पाहत होता. भेटला तर मी त्याला तोंडावर सांगेन, पण तो आता आमच्या गावावरून जाताना दुसरा रस्ता धरतो.

बायको मला जे बोलली ते एकदाच बोलली. "तुमच्या तलावानं पोरगी गिळली." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मी दुकान लवकर बंद केलं तर ती आता काही म्हणतही नाही. पुढचं एक स्थळ पाहायला येण्याआधीच परतलं. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं, 'तीच ती, बॅनरवाली.'

मी मुलीला म्हटलं, आपण मेलेल्यांचं काम बंद करू, निदान तलाव तरी कोणाला द्यायचा नाही. ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली, "काऊन बंद करायचं, बाबा? मेलेल्यायनं आपलं काय बिघडवलं? जे बिघडवलं ते जित्यायनं." त्याच दुपारी कोणीतरी आपल्या आईचा फोटो घेऊन आलं. मुलीने चेहरा नीट कापला, सुरकुत्या तशाच ठेवल्या आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मागे तलाव लावू?" तो मुलगा रडवेला होऊन हो म्हणाला.

तलावावर मी अजून जातो. कॅमेरा नेतोच असं नाही. परवा गेलो तेव्हा पाळीवर एक जोडपं उभं होतं, लग्न ठरलेलं असावं, पोरीच्या हातावर मेंदी होती आणि दोघांमध्ये लाजेचं अंतर होतं. पोरीने मोबाइल माझ्या हातात दिला. "काका, एक काढून द्या ना. मागे पाणी पुरं येऊ द्या, दिवस बुडतानाचं."

वारा पडलेला होता. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. अशी संध्याकाळ मला सबंध हंगामात मिळाली नव्हती. मी मोबाइल डोळ्यांसमोर धरला, चौकटीत सगळं आपोआप येऊन बसलं, सूर्य, झाड, झाडाखालचं झाड आणि पुढे ती दोघं. मी असल्या गोष्टी मानत नाही. कधी मानल्या नाहीत, वाटेत मांजर आडवं गेलं तरी मी पुढे जाणारा माणूस. पण बोट काही खाली गेलं नाही.

मी स्वतः चपला काढून पाण्यात उतरलो आणि त्यांना माझ्याकडे तोंड करून उभं केलं. त्यांच्यामागे पाळीची माती आली, उपटून टाकलेल्या शेवाळाचा ढीग आला आणि त्यांची मोटरसायकल आली. दोन फोटो काढले आणि मोबाइल परत दिला.

पोरीने पाहिलं आणि तिचं तोंड पडलं. "काका, पाणी तर आलंच नाही."

"तिकडून उजेड बरोबर नाही," मी म्हटलं. ज्या उजेडासाठी मी जन्मभर दुकान बंद करून धावत आलो, त्याच्याबद्दल मी त्या पोरीला खोटं सांगितलं, आणि तिने ते खरं मानलं.