बेटावरचा शेंदूर

आर्णीकडच्या आमच्या धरणात एक बेट आहे. बेट कसलं, बुडालेल्या गावाची टेकडी, तेवढीच वर राहिली. गावात दगावलेली तान्ही लेकरं त्या टेकडीवर पुरायचे. माझ्या आधीची बहीण तिथेच आहे. दर उन्हाळ्यात आई तिच्या दगडाला हात लावून येते. मागच्या साली दगड सापडेना, आई रडकुंडीला आली, म्हणून मी शहाणीने त्याला पांढराफक्क चुना फासला. कुठून बुद्धी झाली कोण जाणे!

यंदा मामाने डोंग्याला जुन्या ताडपत्रीचं शीड बांधलं. वारा मागून होता, वल्हं मारावंच लागलं नाही. "बाई, जहाजात बसून राह्यली तू," म्हणून तो आईला चिडवत होता. उतरल्यावर काठाकाठाने फेरी सुरू केली. आई आधी बेटाला फेरी घालते, मगच वर चढते. झोपलेल्या लेकराजवळ एकदम जाऊ नये, म्हणते.

अर्धी फेरी होत नाही तोच झेंडे दिसले. नारळाच्या शेंड्या, अगरबत्तीची पाकिटं, द्रोण, बाटल्या. माझं डोकंच फिरलं. वर गेलो तर बहिणीच्या दगडाला बोटभर शेंदूर, वर पत्रे, समोर दोरी. पांढरा दगड दिसला की झाला देव! अरे, कोणाला विचाराल की नाही? आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात कशाला शेंदराचं बोट लागलं नाही, आणि इथे तिला पुरती लिंपून टाकली.

दोरीजवळ बसलेला माणूस उठला. "बायाइले पुढे मनाई हाये. कडक देव हाये."

"कायचा देव? काहून मनाई?" मी ओरडले. "माही बहीण हाये ते!"

मामाने माझा दंड धरून मागे ओढलं. त्याला रोज याच पाण्यात मासे धरायचे, भांडण नको. मला त्याचाही संताप आला.

आई म्हणाली, "दादा, तीन महिन्याची पोरगी हाये माही. मीनंच पुरली."

माणूस गडबडला, पण वाटेतून हलेना. "लोकं दारव्ह्याहून येतात, माय. आता त्याइले काय सांगू?"

"नको सांगू," म्हणत आई दोरीखालून वाकून आत गेली. जन्मात कोणापुढे आवाज न चढवलेली बाई! त्याने हात पुढे केला तशी मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, लावूनच दाखव हात.

आईने पदराने पुसायला घेतलं. शेंदूर वाळून घट्ट झालेला, निघेना. मग ती नखांनी खरवडायला लागली. मामा खाली गेला, डोंग्यातून मासे कापायची सुरी घेऊन आला आणि तिच्याशेजारी बसून शेंदूर खरडू लागला.

आईने त्याचं मनगट धरलं.

"हळू रे भाऊ. लागंन तिले."