दोनशेव्या पक्ष्याची सही

अंबिके, तुला आमच्या पक्षी मंडळावर विनोदी सिनेमा काढायचाय म्हणे. काढ बाई. सहा टाळकी, पोटं सुटलेली, गळ्यात दुर्बिणी आणि कुणाचे पक्षी जास्त यावरून एकमेकांवर डाफरणारी. लोक हसतील नाहीतर काय करतील? पण काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, कारभारीकाकांचा एखादा मजेशीर किस्सा सांगा ना." तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. तोंडानं सांगवलं नाही, म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच आणि मग फोन कर.

कारभारी बिडकीनचे. चार एकर जमीन आणि चितेगावच्या एका कारखान्यात पाळीची नोकरी. शिक्षण सातवी. आमच्यात वकील, डॉक्टर, मी कॉलेजच्या ऑफिसातला हेडक्लार्क. हा माणूस रात्रपाळी करून सायकलवर यायचा, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, आणि दुर्बीण नसताना आमच्या आधी पक्षी सांगायचा. "साहेब, त्या बाभळीची डावी फांदी बघा. जरा खाली. आजून खाली." दुर्बीण लावावी तर पक्षी तिथंच. माझा असा जळफळाट व्हायचा म्हणून सांगू!

मंडळाचा नियम असा की, ज्याच्याशी तुमची चुरस, त्यानंही तो पक्षी पाहायचा आणि तुमच्या वहीत सही करायची. त्याची सही नाही, तर पक्षी नाही. जिल्ह्यात जो आधी दोनशे जाती पुऱ्या करील त्याला बक्षीस म्हणून एक लाल थर्मास. त्याचं बूचसुद्धा गळत होतं. आणि त्यासाठी काय काय केलं आम्ही! आप्पासाहेब वकील नाथसागराच्या काठी कमरेपर्यंत चिखलात रुतले, तरी ओरडत होते, "आधी सही करा, मग ओढा!" हे घाल सिनेमात. कारभारींनी बोट दाखवलं की पक्षी उडावा म्हणून मी मुद्दाम खोकायचो. हेही घाल.

शहाण्णव सालचा ऑगस्ट. कारभारींचे एकशे नव्व्याण्णव, माझे एकशे अठ्ठ्याण्णव. त्यांच्या वस्तीमागच्या माळावर आम्ही दोघंच गेलो होतो. गवत गुडघ्याला लागत होतं. त्यांनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला.

"साहेब, माळढोक."

मी दुर्बीण लावली. होता. उंच पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी. एकेक पाऊल सावकाश टाकत दहा-बारा पावलं चालला आणि उंचवट्यामागे गेला. आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. आणि त्याच क्षणी मनात आलं, आता मी सही केली की माझे एकशे नव्व्याण्णव, पण यांचे दोनशे. थर्मास यांचा.

"दिसला न्हवं, साहेब?"

"कुठं काय? लांडोर होती, कारभारी."

मला वाटलं हे भांडतील. भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते माझ्या दुर्बिणीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "लांडोर आसंल मंग. तुमच्याकडं दुर्बीण हाय. आपली उघडी नजर."

तीन महिन्यांनी माझे दोनशे झाले. दोनशेव्या पक्ष्यावर सही कारभारींची, आणि वर त्यांनीच पेढे वाटले. त्यांची वही मात्र एकशे नव्व्याण्णववरच राहिली. माळावरच्या त्या दिवसानंतर ते आधी पक्षी सांगेनासेच झाले. पक्षी दिसला की विचारायचे, "साहेब, तुम्हाला काय दिसतंय?" मी सांगायचो आणि ते मान हलवायचे. रविवारी मात्र एकटे माळावर जाऊन बसायचे. माळढोक काही पुन्हा आला नाही.

पुढं दहा-बारा वर्षांनी कारखान्यांसाठी तिथल्या जमिनीची पाहणी करायला माणसं आली. त्यांच्याबरोबर पक्ष्यांची नोंद करणारी एक मुलगी होती. गावानं सांगितलं, पाखरांचं कारभारींना विचारा. तिनं विचारलं, इथं कधी माळढोक पाहिलाय का? पुढच्या भेटीत कारभारींनीच मला हे सांगितलं. "म्या म्हणलं, नाय ताई. एकडाव वाटलं व्हतं, पर साहेबांनी दुर्बिणीतून बघितलं, लांडोर निघाली."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्यायलो, अंबिके.

वर्षभरात माळाला तारेचं कुंपण पडलं. मी बोललो असतो तर माळ वाचला असता, असं काही मी म्हणत नाही. पण बोललो नाही, हे खरं.

गेल्या साली काचबिंदूनं कारभारींची नजर पुरती गेली. कळल्यावर मला घरात बसवेना. थर्मास पिशवीत टाकला आणि बिडकीनला गेलो. साळूबाई वहिनींनी अंगणात खाट टाकून दिली. मी सगळं सांगून टाकलं, आडपडदा न ठेवता. त्यांची जुनी वही मागून घेतली, दोनशेव्या ओळीत माळढोक लिहिला, तारीख घातली, पुढं 'मधुसूदन' अशी सही केली. आता शिव्या येतील म्हणून मान खाली घालून बसलो.

"म्हंजी व्हता," ते म्हणाले.

"होता."

"मान पांढरी?"

"पांढरी."

"डोईवर काळं?"

"काळं."

त्यांचा चेहरा असा फुलला! "ए साळू, व्हता गं! म्या तवा घरी येऊन सांगितलं न्हवतं का तुला?" वहिनी दारात आल्या, पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी कारभारींचं बोट धरून सहीवर टेकवलं. ते बोट थोडा वेळ कागदावर फिरलं आणि मग त्यांनी हात मागं घेतला.

"मंग त्या पोरीला म्या खोटं सांगितलं, साहेब."

"तुम्ही नाही हो कारभारी, खोटं मी बोललो."

"इचारलं मला व्हतं. माझं नाव लिवून घेतलं तिनं. त्याच्या फुडं लिवलंय, नाय बघितला." ते अंदाजानं माळाच्या दिशेला तोंड करून बसले. "आता ते कुठं जाऊन खोडायचं?"

मी पिशवीतून थर्मास काढून त्यांच्या हाताशी ठेवला. थर्मास त्यांनी घेतला नाही. वही मात्र मांडीवर ठेवून होते.

तर सिनेमा काढ. चिखलातले वकील दाखव, खोकणारा मी दाखव, लोकांना पोटभर हसू दे. पण तो माळढोक चालताना दाखव, आणि त्याच्याकडं दुर्बीण लावून बघणारा माणूस दाखव. त्या माणसाचं नाव मधुसूदनच ठेव.