ठाकुर्लीच्या पलंगाखालच्या मोटारी

१९८९ साली मी छप्पन्न वर्षांचा होतो, आणि तेव्हा अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझ्या साडूइतक्या मोटारी कुणाकडे नव्हत्या. आमदाराकडे नव्हत्या, बिल्डरकडे नव्हत्या. आणि माझ्या साडूइतका पायी चालणारा माणूसही त्या जिल्ह्यात दुसरा नव्हता, कारण त्याच्या सगळ्या मोटारी पुठ्ठ्याच्या डब्यांत, सुट्या सुट्या, पलंगाखाली होत्या. परदेशी किटं ती. डब्यावर झकास रंगीत चित्र, लांब नाकाची जुनी गाडी, मोठे गोल दिवे, मागे डोंगर. आत प्लास्टिकचे तुकडे. ते कापायचे, चिकटवायचे, रंगवायचे, म्हणजे वीतभर गाडी तयार. माझ्या साडूने आयुष्यात एकही डबा उघडला नव्हता. उघडलेला म्हणायचा तर एकच, लग्नाआधीचा. त्यात त्याने चाकाला इतकं सोल्युशन लावलेलं की चाक फिरेना. तेव्हापासून तो म्हणायचा, "हात तयार झाला की जोडणार, दादा."

"हात तयार व्हायला ती काय कैरी आहे का रे, मुरायला?" मी म्हणायचो.

"घाई केली की चाक चिकटतं."

मी कल्याणजवळच्या मोहने गावातल्या कारखान्यात उभी हयात काढलेला माणूस. शाळेत चौथीपर्यंत गेलेलो, पुढचं मशीनने शिकवलं. आमच्याकडे वस्तू आली की ती चालली पाहिजे. न चालणारी वस्तू कपाळाला लावून ठेवायची हे मला पटत नव्हतं, आणि मला पटलं नाही की मी तोंडावर सांगतो. तो सरकारी हापिसात कारकून, शिकलेला, सभ्य. तो ऐकून घ्यायचा, मान हलवायचा आणि पुढच्या महिन्यात नवीन डबा आणायचा.

त्याचं सगळंच तसं. रस्त्यावरून चालताना वळायचं झालं तर हात बाहेर काढून इशारा करायचा. सायकलसुद्धा येत नव्हती, पण मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे. ठाकुर्लीच्या भाजीबाजारात एकदा त्याने उजवीकडे हात केला आणि तो थेट एका बाईच्या कोथिंबिरीत गेला. बाई म्हणाली, "घेताय का नुसतं दाखवताय?" आमचे सासरे ठाण्याच्या खाडीवरचे कोळी. त्यांच्या पंगतीत जावयाची परीक्षा माशावर व्हायची. मी अख्खी मांदेली काट्यासकट चावून पहिल्याच दिवशी पास झालो. हा मात्र एकेक काटा सोडवायचा आणि ताटाच्या कडेला लहान-मोठे असे ओळीत लावायचा, जसा काही नंतर पुन्हा मासा जोडायचा आहे. सासरे बराच वेळ बघत राहिले आणि सासूला म्हणाले, "ह्यो मासा खातंय का पंचनामा करतंय?"

डबा घरी आणायची त्याची पद्धत तर बघण्यासारखी. नवीन डबा बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, पोटाशी धरून, लोकलच्या गर्दीत चेपेल म्हणून तो एसटीत बसायचा. खड्डा आला की स्वतः उचलला जायचा, डबा हलत नसे. एकदा एका म्हातारीने विचारलं, "कितवा महिना चाललाय बाळाला?" घरी आल्यावर डबा कानाशी धरून हळूच हलवायचा. मलाही ऐकवायचा. "ऐका दादा. चारही चाकं आहेत." मग चार डांबराच्या गोळ्या ठेवून पलंगाखाली. पलंगाखालची जागा संपली तसे डबे माळ्यावर गेले, माळा भरला तसे तांदळाच्या पिंपामागे. दोन खोल्यांचं घर. माझी मेव्हणी म्हणायची, "भावोजी, आमच्याकडे पाहुणा आला तर त्याला उभाच ठेवावा लागतो, गाड्या झोपलेल्या असतात." दसऱ्याला सगळे डबे बाहेर निघायचे. प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि चाकं आत असल्यामुळे रांगेसमोर एकच लिंबू.

हे सगळे डबे यायचे ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका दुकानातून. तसली दुकानं आता राहिली नाहीत. तेवढ्याशा जागेत पोस्टाची तिकिटं, विमानाचं हलकं लाकूड, पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टचं सामान, आणि वरच्या फळीवर बोटीवरच्या लोकांकडून मिळवलेली ही किटं. आज तिथे एसटीडीचा बूथ आहे, मी जाता-येता बघतो. दुकानाचे मालक सत्तरीच्या पुढचे, एकटे, धोतर-टोपीतले. बोलणं अगदी छापील. माझ्या साडूचं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, "या ठाकुर्लीकर" म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी नवीन डबा फळीवरून काढायच्या आधी एकच प्रश्न. "मागची झाली का हो जोडून?"

इथे माझा साडू, जो हापिसात कधी पाच मिनिटं उशिरा गेला तर स्वतःहून सांगायचा, तो माणूस खोटं बोलायचा. पहिल्यांदा नुसतं "झाली" म्हणाला. म्हाताऱ्याचा चेहरा इतका उजळला की पुढच्या वेळी ह्याने रंग सांगितला. मग रंगाचे दोन हात. मग दरवाजे उघडतात. मग काच स्वतः घासून बसवली. म्हातारा स्टुलावर बसून डोळे मिटून ऐकायचा. नौपाड्यात तो सगळ्यांना सांगायचा की ठाकुर्लीला माझं एक गिऱ्हाईक आहे, त्यांच्याकडे जाऊन बघा, नुसतं प्रदर्शन आहे.

त्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी साडू मोहन्याला माझ्याकडे आला. घामाने निथळत होता.

"दादा, मेलो. दुकान बंद करतायत ते. दिवाळीनंतर. डोळ्यांना दिसत नाही म्हणाले."

"वाईट झालं. पण तू कशाला मरतोस?"

"बंद करायच्या आधी एकदा माझ्या गाड्या बघायच्यात त्यांना. गणपतीला येतो म्हणाले. पत्ता लिहून घेतला माझ्याकडून."

मी हसलो. खरं सांगतो, पोट धरून हसलो. मग म्हटलं, "सांगून टाक खरं. काय फाशी देतात?"

त्याने रुमालाने मान पुसली. मग म्हणाला, "दादा, त्यांना पोर नाही, बाळ नाही. त्यांना वाटतं, आपण विकलेलं सगळं कुठंतरी उभं आहे. कुणाच्या तरी घरी चाकांवर उभं आहे. त्यांना काय सांगू, पलंगाखाली आहे म्हणून?"

मग माझं हसू गेलं. मी म्हटलं, "आठ दिवस आहेत. एक तरी जोड."

त्याने प्रयत्न केला, नाही असं नाही. मेव्हणी सांगते, रोज हापिसातून आला की एक डबा मांडीवर घ्यायचा, चाकू टेपला लावायचा आणि परत ठेवायचा. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. शिकलेला माणूस मधला मार्ग काढतो. म्हणाला, "आधी रस्ता करू, मग गाड्या." आणि गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल आणून त्याने एक शहरच कापायला घेतलं. दुकानं, पेट्रोल पंप, मधोमध मोठा पूल, पुलावर बाप्पा बसणार. कापलं सुरेख. मला वाटलं होतं तेवढा हात कच्चा नव्हता.

हरतालिकेच्या दुपारी आम्ही नवरा-बायको ठाकुर्लीला पोचलो तेव्हा पूल तेवढा जोडायचा राहिलेला. साधा पांढरा गोंद वाळायला वेळ लावत होता. साडू म्हणाला, "थांबा, परदेशी आहे माझ्याकडे," आणि किटासाठी जपून ठेवलेल्या सोल्युशनच्या ट्यूबचं टोपण त्याने पहिल्यांदा काढलं. एक ट्यूब अर्धी केली पुलावर. पुलाला आधी एक खळी पडली. मग दुसरी. मग माझ्या डोळ्यांदेखत पूल चहात बुडवलेल्या टोस्टासारखा खचला आणि पेट्रोल पंपावर बसला. सोल्युशन तिथून ओघळलं ते पेट्रोल पंपही खात सुटलं. साडू ते पुसायला गेला तर दुकानांची रांग त्याच्या बाहीला चिकटून आली.

बायकांचा निर्जळी उपास. त्यात हे. मेव्हणी कमरेवर हात ठेवून उभी. "वा! उद्या सकाळी माझा गणपती येणार. बसवू कुठं? तुमच्या बाहीवर?"

"अगं, हे असं होईल मला काय माहीत…"

"ते तुमचे डबे काढा बाहेर. सगळे. इतकी वर्षं माझ्या घरात राहिलेत ना, देवाच्या तरी उपयोगी पडू देत."

साडू कळवळला, पण उपाशी बायकोपुढे त्याचं काही चाललं नाही. आम्ही पलंगाखालून, माळ्यावरून, पिंपामागून डबे काढले. माझी मंडळी फडक्याने पुसत होती, मेव्हणी रचत होती. दोन्ही बाजूंना खांब, मागे भिंत, वर आडवे डबे टाकून कमान. संध्याकाळी दिव्यांची माळ सोडली तर काय सांगू, चारी बाजूंनी लाल, निळ्या, पिवळ्या मोटारी चमकायला लागल्या. दुसऱ्या दिवशी बाप्पा आत बसले आणि चाळीतली माणसं आरती सोडून मखरच बघत बसली.

दुपारी नौपाड्याचे दुकानवाले आले. एकटेच, हातात जास्वंदीचं फूल. पाया पडले, फूल वाहिलं, मग चष्मा पुसून वर बघितलं. हळूच बाजूच्या खांबातला वरचा डबा काढला. टेपवरून बोट फिरवलं. कानाशी धरून हलवला. दुसरा काढला, तोही हलवला. साडू निरांजन हातात घेऊन तसाच उभा.

"ठाकुर्लीकर," म्हातारा म्हणाला, "ह्या लाल गाडीचे दरवाजे उघडतात म्हणाला होतात."

"उघडतील, काका."

"कधी?"

साडूने निरांजन खाली ठेवलं. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, तो खोटारडा नाही. हात तयार व्हायची वाट बघत होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलला. ओरडायचं असेल तर मला ओरडा."

"आपण कोण?"

"साडू."

"आपण जोडता?"

"मला डब्याला हात लावू देत नाही हा."

म्हातारा पाटावर बसला. मेव्हणीने पाणी दिलं ते सगळं प्यायला. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "मीसुद्धा कधी जोडलेली नाही," म्हणाला. "एकही नाही. विकायचा माल फोडायचा कसा? गिऱ्हाईकं येऊन सांगत, ते ऐकलं की आपणच जोडल्यासारखं वाटायचं. बरेचसे लोक सांगतच नाहीत हो. हे एकटेच सगळं सांगायचे. रंगसुद्धा." मग त्याने आजूबाजूला बघितलं. "सोल्युशन आहे का घरात?"

"अर्धी ट्यूब आहे," मेव्हणी म्हणाली. "अर्धी पुलाने खाल्ली."

"मग ही लाल उघडा."

"काका, पण…" साडू म्हणाला.

"उघडा हो. माझे डोळे अजून जेमतेम आहेत."

जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं. विळी आणली. साडूने डबा विळीच्या पात्यापाशी नेऊन थांबवला, तेव्हा मी त्याचं मनगट धरलं आणि टेप कापली. आत चौकटीला लटकलेले तुकडे, द्राक्षाच्या घडासारखे. त्याने पहिला तुकडा मुरगळला. टक्. तो तुकड्याकडे बघत राहिला.

"काही नाही झालं, दादा."

"काय व्हायचं होतं?"

मग तिघे बसलो. म्हातारा कागदावरचं चित्र नाकाला लावून सांगायचा, साडू कापायचा, मी दाबून धरायचो. चिकटवण्यावरून भांडणंही झाली. पुढचा भाग मी उलटा धरला आणि तो मान्य करायला मी तयार नव्हतो, कारण माझ्या बाजूने तो सुलटच होता. म्हातारा तोंडाने छापील, पण चिडल्यावर "अहो गाढवपणा करू नका" म्हणाला, आणि मग स्वतःच लाजला. मोदक तिथेच खाल्ले. रंग नव्हताच, प्लास्टिक होतं तेच लाल. संध्याकाळच्या आरतीपर्यंत गाडी उभी राहिली. एक दिवा कल्याणकडे बघत होता, दुसरा ठाण्याकडे. एक चाक चिकटलं होतं. पण साडूने नखाने दरवाजा ओढला आणि तो उघडला. म्हाताऱ्याने तो पुन्हा लावला, पुन्हा उघडला. मग गाडी फरशीवर ठेवून बोटाने ढकलली. तीन चाकांवर फरफटत ती बाप्पापर्यंत गेली. म्हाताऱ्याने धोतराच्या टोकाने डोळे पुसले आणि साडूच्या पाठीवर हात ठेवला. साडूही रडायला लागला. मी नाही रडलो. मी मोदकाचं ताट आत नेऊन ठेवलं.

निघताना म्हातारा म्हणाला, "दिवाळीपर्यंत आहे दुकान. वरच्या फळीवर अजून बरंच पडलंय."

आता तो म्हातारा नाही. माणसं जातात, तसं दुकानही गेलं. पण त्या दिवशी संध्याकाळी, उपाशी डोळ्यांनी एखादं पोर ताटाकडे बघतं तसा तो त्या वाकड्या गाडीकडे बघत होता, ते काही माझ्या मनातून जात नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बायका सकाळपासून भाज्या निवडत बसल्या होत्या. मी मंडळीला म्हटलं, "केळीची पानं घेऊन येतो," आणि ती वरची फळी बघायला सरळ ठाण्याला गेलो. दुकान उघडायला वेळ होता. पायरीवर बसलो. म्हातारा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला, मला बघून थांबला, पण कशाला आलात म्हणून त्याने विचारलं नाही. कुलूप काढलं आणि म्हणाला, "त्या बाजूनं धरा, जाम झालंय." मी कोयंडा धरला आणि शटर वर ढकललं.